न सांगितलेलं घरटं

भावनाचं काहीतरी वाईट दिसलं असतं, तर लाडबाईंना बरं वाटलं असतं. पण दिसायचं काय? पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. वर्गात कुणावर हात उगारत नाही, थोरामोठ्यांना अहोजाहो करते, उन्हातान्हात माळ तुडवून लाडबाईंच्या घरी आली आणि चहा दिला, तर बाहेरच्यांसाठी वेगळा ठेवलेला कप स्वतः विसळून पालथा घालते. का विसळते, हे लाडबाई स्वतःशीही कधी बोलल्या नव्हत्या. माणसाला नावं ठेवायची तर बोट शिरेल एवढी तरी फट लागते. भावनात ती सापडत नव्हती, आणि लाडबाईंचं सगळं दुखणं तिथंच होतं.

तसं पाहिलं तर माळावर आधी कोण आलं? तेरा सालच्या दुष्काळात लाडबाई एका लग्नाहून परतत होत्या. रस्त्याकडेच्या गायरानात एक हरणी पडलेली दिसली. जीभ बाहेर, डोळे उघडे, आणि शेजारी कोरडं डबकं. त्याच दिवशी त्यांनी नियम घेतला, की या माळावर पाणी ओतल्याशिवाय आपल्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. नवीन जालन्यातल्या घरापासून माळ सात किलोमीटर. सकाळी मंदिरात पूजा, मग स्वयंपाक, मग ठरलेली रिक्षा, दोन कॅन पाणी आणि शेरभर ज्वारी. पोचेपर्यंत अकरा वाजायचे. त्यांचे यजमान शांतिलालजी आधी हसले. म्हणाले, "आपल्या गल्लीतल्या चिमण्या मेल्या का?" मग त्यांनीच सिमेंटची एक कुंडी नेऊन ठेवून दिली. ताप असो, पाहुणे असोत, बारा वर्षांत एक दिवस चुकला नाही. आजूबाजूची माणसं त्याला 'मारवाडणीचा माळ' म्हणायला लागली होती. लाडबाई वरवर म्हणायच्या, "माळ काय कुणाचा असतो का?" पण ऐकायला गोड लागायचं.

दोन वर्षांपूर्वी भावना आली. गळ्यात दुर्बीण, मागं पंधरावीस जण. कॉलेजची पोरं होती, दोन बँकवाले होते, एक निवृत्त तलाठी होता. 'माळ मंडळी' असं त्यांनी नाव घेतलं. उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात, त्यांची घरटी शोधायची आणि भोवती चुना फासलेले दगड मांडायचे, म्हणजे मेंढरं आणि ट्रॅक्टर बाजूनं जातात. लाडबाईंना पहिल्यांदा कौतुकच वाटलं. मग एक दिवस भावना त्यांच्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, एक बोलू का? ज्वारीला कावळे गोळा होऊन राह्यले. पाण्याला कुत्री येतात. ती मंग आजूबाजूची अंडी खातात. कुंडी रस्त्याच्या कडंला नेली तर? अन् ज्वारी जरा बंद केली तर?"

बराबर बोलली होती, तीच तर पंचाईत. इतक्या वर्षांची जीवदया त्या दोन वाक्यांत हिंसा होऊन बसली. लाडबाई "हो" म्हणाल्या, कुंडी हलली, ज्वारी बंद झाली. भावनानं पोरांसमोर त्यांचे आभारही मानले. ते आभार लाडबाईंना आठ दिवस टोचत होते.

आणि मोना. मोना म्हणजे लाडबाईंची नात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पूर्वी सुटी असली की दादीबरोबर कुंडी भरायला यायची. आता सकाळी सहाला ताईच्या स्कूटीवर मागं बसून जायची आणि दादी निघायच्या आत परत यायची. घरात प्रत्येक वाक्याला "भावनाताई म्हणते" लागलेलं. दोडक्याच्या भाजीवरसुद्धा भावनाताईचं काहीतरी मत असायचं. गेल्या वर्षी पेपरात फोटो आला. मधोमध भावना, आणि डाव्या कडेला कॅन धरलेला अर्धा हात. तो हात लाडबाईंचा. बांगड्यांवरून शांतिलालजींनी ओळखला. "हात छान आलाय," ते म्हणाले.

रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसल्या, की लाडबाई चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागत. मातीतल्या जिवांची, पाण्यातल्या, वाऱ्यातल्या, मुंगीमाकोड्यांची. माणसांची पाळी आली, की मनात भावना उभी राहायची. मग लाडबाई पुढची ओळ जरा जल्दी म्हणून टाकायच्या.

यंदा अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखातीजेला, मंदिरात वर्षभराच्या उपासांची, वर्षीतपाची, पारणी होती, त्यामुळं माळावर पोचायला साडेबारा झाले. ऊन असं, की मुरमाकडं बघवत नव्हतं. लाडबाईंनी कुंडी भरली, छत्रीखाली उभं राहून दोन घोट पाणी प्याल्या, आणि तेवढ्यात एक माळटिटवी आली. पिवळ्या गालाची, काळ्या टोपीची. लाडबाईंना वाटलं पिईल आणि जाईल. ती प्याली नाही. कुंडीच्या उथळ काठाला पाण्यात बसली, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. पोट चांगलं भिजू दिलं आणि जमिनीलगत उडत जुन्या मुरमाच्या खाणीकडं गेली.

हे काय नवीन, म्हणून लाडबाई मागोमाग चालत गेल्या. खाणीच्या अलीकडं उघड्यावर, आडोसा नाही की गवत नाही, अशा जागी ती उभी होती. पायांशी दोन अंडी. मुरमाचेच दोन खडे वाटावेत अशी. भिजलेलं पोट तिनं अलगद त्यांना टेकवलं. कुंडीचं पाणी पोटाला लावून नेऊन तिनं अंड्यांना दिलं होतं.

लाडबाईंचे डोळे भरून आले. पहिला विचार आला, मोनाला सांगायचं. दुसरा आला, मोना ताईला सांगेल. ताई सकाळी सहाला फौज घेऊन येईल, पांढरे दगड पडतील, घरट्याला नंबर पडेल, फोटो निघेल. फोटोच्या कडेला अर्धा हात.

'विचारलं तर सांगेन,' लाडबाईंनी मनाशी ठरवलं. 'खोटं बोलायचं नाही, हा तर नियमच आहे. पण न विचारता सांगायचा नियम कुठं आहे?'

कुणी विचारलं नाही. चार दिवसांनी, सातमला, अंडी चार झाली. लाडबाई रोज कुंडी भरून लांबून बघून यायच्या. ती पाखरं त्यांच्यावर ओरडायचीसुद्धा थांबली होती. माळ मंडळी सकाळी सहाला यायची आणि आठला जायची. त्या वेळी गारवा असायचा, पोट भिजवायची गरज कुठल्या पाखराला पडणार? दुर्बिणीला जे दिसलं नाही ते आपल्याला दिसलं, हे लाडबाईंना जपाच्या वेळीही आठवायचं. मग माळेचा मणी चुकायचा.

एक दिवस सूर्यास्ताआधीच्या जेवणाला मोना म्हणाली, "पावसाआधी माळावर पाणी अडवायचे चर खोदायचेत, दादी. सोमवारी जेसीबी लागतो. भावनाताईनं कुठं घरटी हायेत, कुठं न्हाईत, सगळं सही करून लिहून दिलं. खाणीची बाजू साफ कोरी निघाली. ताई तीनदा फिरून आली तिथं."

"तीनदा?" लाडबाईंनी विचारलं.

"तीनदा."

"असंल," लाडबाई म्हणाल्या, आणि मोनाच्या फुलक्यावर नेहमीपेक्षा जास्त तूप वाढलं. हिशोब त्यांनी मनात केला होता. जेसीबी रस्त्याकडून सुरू होणार. खाणीपर्यंत यायला त्याला दहाबारा दिवस लागतील. तोवर पिल्लं पळायला लागलेली असतील.

सोमवारी रिक्षातून उतरल्या तेव्हा रस्त्याची बाजू शांत होती. आवाज खाणीकडून येत होता.

लाडबाई कॅन तिथंच टाकून चालत सुटल्या. पिवळं यंत्र खाणीच्या कडेनं एक लांब चर ओढत येत होतं, आणि घरट्यापासून आता चाळीसेक पावलांवर होतं. टेम्पोच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेकेदाराचे मुकादम बसले होते, अण्णासाहेब नावाचे, टोपीनं वारा घेत.

"दादा, मशीन थांबवा. पुढं अंडी हायेत."

अण्णासाहेबांनी त्यांना न्याहाळलं. "तुम्ही त्या कुंडीवाल्या बाई ना? बसा, उन्हाच्या आल्या." मग खिशातून कागद काढला. "हे बघा. मास्तरीणबाईंची सही. खाणीची बाजू मोकळी. म्हणून तर मशीन आधी इकडं लावली. नसता मी रस्त्याकडूनच धरणार होतो."

लाडबाईंना कागदावरचं काही वाचता आलं नाही. अक्षरं हलत होती. ही बाजू कोरी लिहिली गेली, म्हणून यंत्र इकडं आलं. आणि कोरी का लिहिली गेली, हे या माळावर एकट्या त्यांना ठाऊक होतं.

"मी सांगते ना, अंडी हायेत म्हणून. माझं ऐका."

"ऐकलं असतं, बाई. पर तुमची सही कुठं हाये?" अण्णासाहेब हसले, वाईट नाही, सहज. "त्यांना फोन करा. त्या म्हणल्या तर थांबवतो."

भावनाचा नंबर लाडबाईंकडं नव्हता. दोन वर्षांत कधी घेतला नव्हता. अण्णासाहेबांनीच लावून दिला. लाडबाई एवढंच म्हणाल्या, "भावना, मी लाडबाई बोलते. खाणीकडं ये. जल्दी." आणि फोन परत देऊन, छत्री उघडून, यंत्र आणि घरटं यांच्या मधोमध मुरमावर जाऊन बसल्या.

चालकानं यंत्र बंद केलं आणि खाली उतरून तंबाखू मळायला घेतली. "आजी, चक्कर यील इथं."

"येऊ दे," लाडबाई म्हणाल्या. घशाला कोरड पडली होती. कुंडी अजून भरली नव्हती.

शाळेला सुटी होती म्हणून भावना अर्ध्या तासात आली. मागं मोना. भावना वाकून बघत राहिली. टिटवी जरा लांब पंख पाडून, लंगडी झाल्याचं सोंग करून ओरडत होती.

"चार," भावना म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"म्हंजी मास्तरीणबाई, तुमचं लिहिलेलं खोटं निघालं की," अण्णासाहेब म्हणाले.

दोन वर्षं लाडबाई ज्या वाक्याची वाट बघत होत्या, ते हेच. ते आलं, आणि त्याला चव लागली नाही.

"माझं चुकलं," भावना म्हणाली. "अण्णासाहेब, एवढा तुकडा थांबवावा लागंल."

"किती दिवस? आठदहा म्हणाल तर मी रस्त्याकडून खोदून घेतो अन् इकडं मागून येतो. महिना म्हणाल तर न्हाई जमायचं. पाऊस काय माझा सोयरा हाये का, थांब म्हणल्यावर थांबायला?"

"अंडी कधीची आहेत, ते बघून कळत न्हाई. आजची धरली, तर अठ्ठावीस दिवस."

"मंग ऱ्हाऊ द्या," अण्णासाहेब उठले.

भावना लाडबाईंकडं वळली. "काकू, तुम्हाला कधी दिसली?"

लाडबाईंनी तोंड उघडायच्या आत मोनाच म्हणाली, "आज दिसली असणार. न्हाईतर दादीनं सांगितलं नसतं का?"

गप्प बसलं, तर खोटंही बोलावं लागत नव्हतं. नातच उत्तर देऊन मोकळी झाली होती. इतके दिवस लाडबाई याच वाटेनं चालल्या होत्या, पायांना सवय झाली होती. त्यांनी मोनाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दादीबद्दल कसली शंका म्हणून नव्हती. लाडबाईंना वाटलं, हा चेहरा आपण आता शेवटचा बघतोय. अण्णासाहेबांनी चालकाला हात केला होता.

"आखातीजेला दोन होती," लाडबाई म्हणाल्या. "सातमला चार झाली. आज वद बारस."

भावनानं बोटांवर मोजलं. "म्हणजे चौथं घालून वीस दिवस झाले. आठ ऱ्हायले." तिनं पुन्हा मोजलं. "सातम बराबर ना, काकू?"

"सातमला माझा उपास होता. बराबर."

"आठ तर आठ," अण्णासाहेब म्हणाले. "लाव रे मशीन तिकडं." मग जाता जाता थांबले. "पर बाई, म्हंजी तुम्हाला तवापासून ठाव होतं?"

"हो."

अण्णासाहेब टोपी डोक्यावर घालून यंत्रामागं गेले. मोना स्कूटीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

यंत्र गेलं. भावनानं पिशवीतून चुन्याचा डबा काढला आणि दोघी दगड गोळा करायला लागल्या. पाच पावलांचं अंतर सोडून रिंगण.

"मला का न्हाई सांगितलं, काकू?"

"तुला सांगितलं असतं, तर ते तुझं झालं असतं."

भावना दगडाला चुना फासत राहिली. "माझं कशानं झालं असतं? नंबर पडला असता नुस्ता."

"तेच ते," लाडबाई म्हणाल्या.

"मी तीनदा फिरले इथं. सही केली. आज ही अंडी गेली असती, अन् मला कधी कळलंही नसतं." आवाज तसाच हळू होता. तिनं आवाज चढवला असता, तर लाडबाईंना सोपं गेलं असतं.

जाताना लाडबाईंनी टाकलेले कॅन उचलून कुंडी भरली. त्या दिवशी मोना घरात दादीशी बोलली नाही. संध्याकाळी माळ मंडळींच्या ग्रुपवर भावनाचा निरोप आला. लाडबाईंनी विचारलं तेव्हा मोनानं तो बातम्या वाचाव्यात तसा वाचून दाखवला. "खाणीकडची बाजू तपासताना माझ्याकडून चूक झाली. तिथं माळटिटवीचं घरटं आहे. क्रमांक तेवीस. शोधणाऱ्या लाडबाई काकू. सर्वांनी आठ दिवस तिकडं जाऊ नये."

"अजून काय?"

"एवढंच."

लाडबाई पाटावर बसून राहिल्या. चूकसुद्धा तिनंच घेतली. काही म्हणून काही आपल्याला ठेवलं नाही. हा विचार मनात आला आणि आपलाच आपल्याला ऐकू आला, दुसऱ्या कुणी बोलावा तसा.

"मोना, ते बोलून पाठवायचं असतं ना, ते लाव."

मोनानं फोन समोर धरला, चेहरा दुसरीकडं ठेवून. लाडबाई फोनच्या अगदी जवळ जाऊन, देवासमोर बोलतात तशा बारीक आवाजात बोलल्या. "जय जिनेंद्र. मी लाडबाई. घरटं मला आखातीजेलाच दिसलं होतं. मी मुद्दाम सांगितलं न्हाई. भावनाचं सगळीकडं नाव होतं, ते मला बघवत नव्हतं. चूक माझी हाये. तिची न्हाई."

मोनानं बोट उचललं. निरोप गेला. बाहेर उजेड कमी होत चालला होता, आणि दिवस बुडाल्यावर लाडबाईंना पाणी चालत नव्हतं. मोनानं उठून पेला भरून आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

लाडबाई पाणी प्याल्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "तिच्या निरोपाला किती अंगठे आले?"

"सोळा."

"अन् माझ्या?"

मोनानं वळून दादीकडं पाहिलं. ओठ दाबून धरलेलं हसू तिला आवरलं नाही. "तीन. त्यातला एक ताईचा."

तिथंही ती आहेच, असं लाडबाईंच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

पाचमला, आठव्या दिवशी, लाडबाईंनी पूजा लवकर आटोपली. स्वयंपाक सुनेवर सोपवला, तरी पोचायला दहा वाजले. भावना सकाळपासून येऊन बसली होती, रिंगणापासून लांब, दगडाला टेकून. लाडबाई कुंडी भरून, घोटभर पाणी पिऊन तिच्याजवळ गेल्या.

"दोन निघाली, काकू," भावना कुजबुजली. "एक साडेसातला, एक आता नऊला. तिसऱ्याला तडा गेलाय." आणि गळ्यातली दुर्बीण काढून तिनं लाडबाईंच्या हातात दिली.

दोन तिनं पाहिली, लाडबाईंच्या मनानं लगेच मोजलं. आपल्या वाट्याला फार तर दोन. मोजू नये हे कळत होतं, तरी मोजणं थांबत नव्हतं. दुर्बीण डोळ्यांना लावली तर आधी नुसता मुरूम दिसला, मग स्वतःच्याच पापण्या.

"मधलं चाक फिरवा. हळू."

मुरूम जवळ आला. टिटवी उभी होती. रस्त्याकडून दुसरी आली, पोट निथळत होतं. पहिली बाजूला झाली आणि तेवढ्यात खाली दिसलं. दोन पिल्लं एका खड्याच्या सावलीत दबून बसलेली, आणि तिसरं कवचातून अर्धं बाहेर, ओलं, मान टाकून पडलेलं. ते हललं. थांबलं. पुन्हा हललं.

"काय दिसतं, काकू?" भावनानं विचारलं.

पिल्लानं एक पाय बाहेर काढला होता आणि दुसरा निघत नव्हता. तो निघेपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवला, आणि तेवढा वेळ काहीही मोजलं नाही.